गाडीतला आंबट वास

२६ एप्रिल, शनिवार

गाडीत कोणीतरी बसतंय. मी ऑफिसला गेलो की. नक्की!

आज भाजी आणायला निघालो, दार उघडलं आणि भपकारा आला. आंबट. शिळ्या बिअरचा येतो तसा. आमच्या घरात बिअर येत नाही — निदान मला दाखवून येत नाही. मागच्या दाराची काच बोटभर खाली. मी गाडी अशी कधी सोडत नाही, इथला पाऊस विचारून येत नाही. आणि मागची सीट! खटका नीट बसलेला नाही, लाल खूण वर दिसत होती. म्हणजे सीट आडवी केली होती आणि घाईघाईनं परत उभी केली. कशासाठी? लिहिवत नाही.

रेवतीला विचारलं. "मी कशाला तुझ्या गाडीला हात लावू?" 'तुझ्या'वर जोर. बायको म्हणून सरळ उत्तर देता येत नाही का?

मुक्ताला विचारलं. "डिडन्ट टच इट, बाबा." फोनमधून मान वर नाही. पंधरा वर्षांची झाली, मराठी शब्दन् शब्द कळतो, उत्तर मात्र हे असं.

आईला विचारण्यात अर्थ नाही. अमरावतीहून आल्यापासून तिला सीटबेल्टसुद्धा मी लावून देतो.

२९ एप्रिल, मंगळवार

काल रात्री किलोमीटरचा आकडा पाहून ठेवला होता. संध्याकाळी आलो, पुन्हा पाहिला. तोच! म्हणजे गाडी दारातून हलत नाही. हलत नाही आणि वापरली जाते!

मंगळवार ते गुरुवार मी चेरीवूडला, ऑफिसात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. घराजवळून, स्वोर्ड्सहून बस, पुढे लुआस, म्हणजे इथली ट्राम. गाडी न्यायची तर एम-फिफ्टी हायवेच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य जातं, म्हणून ती दारातच असते आणि किल्ली आत हुकाला. कोणीही घ्यावी. शेजारचा ब्रेंडन रिटायर्ड माणूस, दिवसभर कुंपणाशी उभा. मी बसवरून उतरलो की हात करतो. आजही केला. एवढा हसत का होता?

१ मे, गुरुवार

आई म्हणते तिकीट अलीकडचं करून दे!

जेवताना म्हणाली. सहज. मीठ मागावं तसं. "शैलू, ते जूनअखेरचं तिकीट हाय नं, थोडं आंधी होईन काय पाय नं." मी हातातला घास ठेवला. काहून, काय झालं, कोणी काही बोललं का? "नाही रे बाप्पा, कोन काय बोलते." आणि रेवती पानाकडे बघत भात कालवत होती. भात केव्हाच कालवून झाला होता.

व्हिसा पूर्ण तीन महिन्यांचा. त्यासाठी कागद गोळा करताना मी किती धावपळ केली ते मलाच माहीत. तिच्या खोलीत वेगळा हीटर लावला. टीव्हीवर मराठी चॅनेल आणले. स्वतः! आणि हिला महिना झाला नाही तर परत जायचंय.

आपणहून म्हणणार नाही ती. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवतंय. पाणी कुठेतरी मुरतंय. गाडीत जे काय चाललंय त्याचा ह्याच्याशी संबंध असणार — सीट आडवी कधी करतात? मोठं सामान न्यायचं असलं की. आईची मोठी बॅग कुठे आहे, बघितलं पाहिजे.

२ मे, शुक्रवार

बॅग पलंगाखालीच आहे. ओढून बघणार तेवढ्यात आई आली. "काय पायजे रे?" काही नाही म्हटलं.

पलंगाखाली आणखीही काही होतं, चादरीनं झाकलेलं. विचारणार होतो. तिनं मला चहाला हाक मारली म्हणून राहिलं.

४ मे, रविवार

डॅशकॅम आला! त्याच विक्रेत्याकडून रडार डिटेक्टरही मागवलाय — स्पीड कॅमेऱ्याची व्हॅन पुढे असली की आधीच वाजतो. दोन्ही उद्याच बसवतो. बँक हॉलिडे आहे.

घरात सांगितलं, इन्शुरन्ससाठी घेतोय. कॅमेरा असला की भांडण झालं तरी पुरावा हातात. कोणी काही बोललं नाही. आमच्या घरात हल्ली कोणी काही बोलतच नाही. मी खोलीत शिरलो की स्वयंपाकघरातला हसण्याचा आवाज बंद होतो, ते वेगळंच.

५ मे, सोमवार

काम असं झालंय की पाहत राहावं. आणि दिसतच नाही! तेच तर कौशल्य.

सगळ्यात आधी कॅमेरा आरशाच्या मागे चिकटवला, ड्रायव्हरच्या नजरेआड. वायर छताच्या कापडाच्या कडेत प्लॅस्टिकच्या पट्टीनं दाबत दाबत कोपऱ्यापर्यंत नेली. मग काचेशेजारचा खांब. इथे नवशिके चुकतात. ह्या खांबात एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. वायर तिच्या पुढून नेली तर अपघातात एअरबॅग उघडताना वायरीला घेऊन तोंडावर येईल. वायर तिच्या मागूनच गेली पाहिजे. खांबाचं कव्हर काढलं, मूळच्या वायरींच्या जोडीनं आपली नेली, कापडी टेपनं बांधली — प्लॅस्टिकची टेप गाडीत खडखडते. तिथून खाली, ग्लोव्हबॉक्सच्या मागे फ्यूजबॉक्स. लाल वायर किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजला, पिवळी कायम चालू असणाऱ्याला, काळी बोल्टला. पिवळीमुळे गाडी बंद असतानाही कॅमेरा जागा राहतो. दार उघडलं, गाडी हलली, की रेकॉर्डिंग सुरू. बॅटरी उतरायला लागली तर आपोआप बंद होतो.

रडारचीही वायर त्याच वाटेनं नेली. दोन वायरी, एक बांधणी. ऑफिसात ज्या मंडळींच्या टेबलाखाली केबलचं गवत माजलेलं असतं त्यांना आणून दाखवावं.

आईला टॉर्च धरायला सांगितली होती. मी डॅशबोर्डखाली उलटा, मान मुरगळलेली, आणि उजेड भलतीकडे. "नीट धर ना आई!" म्हटलं. "धरली, बाप्पा." परत हलला. "अगं साधी टॉर्च धरायचीय!" मग मी ती तिच्या हातातून घेतली आणि दातात धरली. दातात धरूनसुद्धा माझा उजेड सरळ. आईचे हात हल्ली कापतात. तिला एकदा डॉक्टरला दाखवलं पाहिजे.

शेवटी रेवती चहा घेऊन आली. वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न काय? "आवाजपण रेकॉर्ड होतो का रे ह्यात?"

आवाजच का? चित्राचं विचारलं नाही, आवाजाचं विचारलं! चोराच्या मनात चांदणं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "नाही. माइक बंद केलाय."

माइक चालू आहे.

६ मे, मंगळवार

संध्याकाळी मुक्ताला घेऊन गाडीनं सामान आणायला गेलो, तर रडारनं सुपरमार्केटच्या आपोआप उघडणाऱ्या दारासमोर किंचाळून घेतलं. मुक्ता कान झाकून, "टर्न इट ऑफ, बाबा!" होईल सवय.

८ मे, गुरुवार

ऑफिसात श्रेयसला सांगायला गेलो. पुण्याचा मुलगा, माझ्या टीममध्ये, कायदे सगळे पाठ — कारण त्याच्या नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. कॅमेऱ्याचं ऐकून खूश झाला. रडारचं ऐकून त्याचा घासच अडकला. "अहो सर, ते इल्लीगल आहे इथे! गार्डा पोलिसांनी थांबवलं तर जप्त करतील, वर कोर्टात उभं राहायचं. तुमचा पण अर्ज आत आहे ना?"

आहे. आमचा चौघांचा नाही, आमचा तिघांचा. आई पाहुणी.

घाम फुटला मला. बसमध्ये पूर्ण वेळ मनात गाडी दिसत होती, आरशामागे ते काळं यंत्र मिरवतंय.

९ मे, शुक्रवार

रडार काढलं. बांधलेली प्रत्येक टेप कापून, नव्यानं फक्त एका वायरीची बांधणी केली. अर्धा दिवस गेला. यंत्र डब्यात घालून माळ्यावर.

रेवती म्हणाली, "का रे काढलंस?" म्हटलं, बिघडलेलं निघालं. तिनं नुसतं "हं" केलं. तो "हं" मला आवडला नाही.

१३ मे, मंगळवार

गेल्या आठवड्याचं कार्ड आज ऑफिसात ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत, हेडफोन लावून, डबा न उघडता.

चित्रात काही नाही. मी गाडी तोंड रस्त्याकडे करून लावतो, त्यामुळे समोरचा रस्ता, ब्रेंडनचं कुंपण आणि एक मांजर. पण आवाज! मागचं दार वर गेल्याचा. सीट पडल्याचा धप्प. मग काहीतरी सरसर, प्लॅस्टिकच्या कागदासारखं. मग ब्रेंडन, लांबून, "ग्रँड ड्राइंग टुडे, मिसेस!" इथल्या म्हाताऱ्यांना कपडे वाळण्यापलीकडे हवामानात रस नसतो, ते सोडा. पण हा कोणाला मिसेस म्हणतोय?

आणि मग रेवती. अगदी जवळून, कुजबुजत. "पटापट आटपू या. तो यायच्या आत सगळं आत गेलं पाहिजे. त्याला कळता कामा नये."

त्याला म्हणजे मला!

पुढे कोणीतरी हसलं. दबक्या आवाजात. कोण ते ओळखता आलं नाही, मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. श्रेयस येऊन म्हणाला, "सर, ठीक आहात ना?" म्हटलं, ग्रँड.

१४ मे, बुधवार

झोप नाही. सतरा वर्षांचा संसार. मी कुठे कमी पडलो? दारू नाही, सिगारेट नाही, पगार घरात, शनिवार-रविवार घरात. भांडी मी लावतो डिशवॉशरमध्ये — कारण बाकीच्यांना ताटल्या एका दिशेला ठेवायला जमत नाही. आणि माझ्याच दारात, माझ्याच गाडीत, काहीतरी आत-बाहेर नेलं जातंय, शेजारपाजारच्यांना माहीत आहे, मला नाही.

मला काय दूधखुळा समजतात?

१७ मे, शनिवार

आईनं पुन्हा तिकिटाचं काढलं. मग माझा तोल गेला. आईवर नाही — रेवतीवर. आई हात धुवायला गेल्यावर तिला स्वयंपाकघरात गाठलं. "काय भरवलंयस तिच्या डोक्यात?" ती म्हणाली, "मी? काहीही नाही. तिला घरी जावंसं वाटतंय." "हे घर नाही का तिचं?" त्यावर तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "तूच विचार ना तिला. पण शांतपणे विचार."

शांतपणे! मी केव्हा शांत नसतो?

हिला आई आल्यापासून अडचणच झालीये, उघड आहे. आल्या आल्या त्या मूगवड्यांवरून काय झालं होतं. आईनं डाळ वाटून जुन्या साडीवर वड्या घातल्या होत्या, हॉलभर, कपडे वाळवायच्या स्टँडवर साडी पसरून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकाचा एजंट घर पाहायला येणार! मी आईला समजावून सांगितलं. आई, हे अमरावती नाही, इथे असं चालत नाही, उद्या घर गेलं तर काय रस्त्यावर राहू? आणि साडीसकट गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं सगळं. वेळच नव्हता. साडी जुनीच होती. आई समजूतदार, एक शब्द बोलली नाही. रेवतीच दोन दिवस तोंड फिरवून होती. आईची बाजू घ्यायचं नाटक! आतून मात्र तिला परत पाठवायची घाई.

मंगळवारी पकडतो. रंगेहाथ.

२० मे, मंगळवार

पकडलं!!

दुपारी पोटात दुखतंय सांगून निघालो. लुआस, बस, सगळ्यांत जीव मुठीत. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उतरून हळूहळू चालत आलो, कुंपणाच्या कडेकडेनं. ऊन असं पडलं होतं की लोक हाफ पँटीत फिरत होते. गाडीचं मागचं दार वर. ब्रेंडन हातात जुनी मच्छरजाळीची चौकट घेऊन उभा. तो मला पाहून म्हणाला, "आह. जेझस." आणि चौकट पाठीमागे लपवायला लागला. दाराएवढी चौकट, ती पाठीमागे कशी लपणार!

पुढे गेलो. मागची सीट आडवी. त्यावर प्लॅस्टिकचा कागद. आणि कागदावर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुरडया!

पांढऱ्याशुभ्र, ओल्या, सोऱ्यातून नुकत्या घातलेल्या. पुढे डॅशबोर्डवर, माझ्या कॅमेऱ्याच्या खाली, ट्रेमध्ये मूगवड्या वाळत होत्या. आतून तो भपकारा — भिजवलेल्या गव्हाचा! बिअर कसली, तीन दिवस भिजलेला गहू! लहानपणी ह्या वासात मी वाढलो आणि ओळखता आला नाही. काचा बंद, ऊन आत, वारा बाहेर, एक काच बोटभर उघडी. ह्या देशात पापड वाळवायला ह्याहून चांगली जागा नाही. हुशार आहेत!

आई गाडीच्या काठावर बसली होती, दोन्ही हात चिकानं माखलेले. पलीकडे रेवती, हातात सोऱ्या. मी इतका हसलो, इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. महिनाभराचं ओझं उतरलं. एवढंच होतं! कुरडया होत्या! पलंगाखाली चादरीनं झाकलेल्याही ह्याच!

दोघी हसल्या नाहीत. म्हणजे लगेच नाही. रेवती तर मला पाहताच पटकन येऊन आईच्या पुढे उभी राहिली. मी काय कुरडया पळवणार होतो? मग ब्रेंडन हसला, तेव्हा त्या हसल्या.

संध्याकाळी मुक्ता शाळेतून आली. म्हटलं, तुलाही माहीत होतं? "ऑब्व्हियसली." मग मला का नाही सांगितलं? खांदे उडवले. "यू'ड ओन्ली गेट थिक अबाउट इट." थिक म्हणजे भडकणं, इथल्या भाषेत. मी भडकलो असतो? हसलोच ना मी?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कॅमेरा लावून बसलो चोर पकडायला, आणि चोर कोण तर आमची आई! आज छान झोप लागेल.

२१ मे, बुधवार

रजा टाकली. कामच तसं होतं. नुसतं ऊन पुरत नाही, आतली दमट हवा बाहेर गेली पाहिजे. माळ्यावरून जुना कॉम्प्युटरचा पंखा काढला, फ्यूजबॉक्समधून त्याला वीज दिली, मागच्या काचेच्या फटीत बसवला. वायर दिसत नाही! आईला आणि रेवतीला समजावून दिलं — कुरडयांमध्ये सगळीकडे सारखं अंतर ठेवा, रांगा सरळ घाला, म्हणजे वारा खेळतो. आईनं एक रांग वाकडी घातली होती, ती मी मोडून सरळ करायला लावली. छान दिसायला लागलं.

आई म्हणाली, "लय मेहनत घेतली रे तू." मला बरं वाटलं. आता ती जायचं नाव काढणार नाही. कशाला काढेल? लपवाछपवी संपली, सगळं राजरोस.

२२ मे, गुरुवार

ऑफिस. दिवसभर ऊन. रेवतीला तीनदा मेसेज केला, पंखा फिरतोय का. "हो." "हो." तिसऱ्याला अंगठा.

२४ मे, शनिवार

कुरडया तळल्या! कढईत टाकली की फुलून वर. ब्रेंडनला ताटली भरून दिली. "सॉर्ट ऑफ अ प्रॉन क्रॅकर, इज इट?" खाल्ली, आणखी मागितली. आई पदरानं तोंड झाकून हसत होती. म्हणाली, "त्याले सांग, ह्याले कुरोडी म्हणतेत." त्यानं म्हणून दाखवलं. मुक्तानं व्हिडिओ काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा घर घरासारखं वाटलं.

आणि ताटं उचलताना आई मला म्हणाली, "तिकिटाचं पायलं काय, शैलू?"

मी हातातलं ताट तिथेच ठेवलं. वर निघून आलो. एवढं सगळं करूनही? पंखा लावला, रजा टाकली, हसलो, तळलं, वाढलं. मग आता कशाला जायचंय? आई जाऊ नये असं मला वाटतं. बाबा गेल्यावर ती त्या फ्लॅटमध्ये एकटी असते, रोज रात्री मला त्याची काळजी वाटते. ती आली तेव्हा विमानतळावर मी लहान पोरासारखा रडलो होतो, तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला होता. हे लिहितानाही डोळे भरून आले.

कोणीतरी तिला सांगतंय, जा म्हणून. आणि घरात आम्ही चारच माणसं.

२५ मे, रविवार

तिकीट केलं. पाच जून. आईसमोर फोनवरच केलं, तिला दाखवलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं आता म्हणेल, राहू दे रे, रद्द कर. म्हणाली, "जेवण गरम करू काय?"

रेवतीच्या चेहऱ्यावर सुटका स्पष्ट दिसली. मी बघत होतो.

गुरुवारचं कार्ड अजून ऐकलेलं नाही. कुरडया सापडल्यावर गरज वाटली नव्हती. त्या दिवशी दुपारी दोघीच होत्या गाडीत, दारं लावून, वाळलेल्या काढत. माइक बंद आहे असंच त्यांना अजून वाटतंय. रेवती आईला काय सांगते, एकदा माझ्या कानांनी ऐकायचंय. मग बोलू समोरासमोर.

२७ मे, मंगळवार

ऐकलं.

बराच वेळ नुसता कागदाचा आवाज आणि माझा पंखा. मग आई: "मी तं जाईन वं, विमानात बसून. आपल्याच लेकाचं भेव वाटते मले, कोनाले सांगू? त्याची किल्ली दारात वाजली का हासनं बंद करा लागते. माहं सोड. तू कोठी जाशीन, पोरी?"

रेवतीनं काही भरवलेलं नव्हतं. ती रोजच्या आवाजात म्हणाली, "किलकेनी शहरातल्या हॉस्पिटलात नोकरी मिळालीये, आई. तिथल्या लॅबमध्ये. मुक्ताची परीक्षा झाली की आम्ही दोघी जाणार. तिला सांगितलंय मी."

आई म्हणाली, "चांगलं केलं."